साडेअकराची लुटुपुटूची लढाई

रेटोला या सगळ्यातून एक भोक मिळणार होतं. डोंगरातलं. एक विमान सहज मावेल एवढं, पुढे लोखंडी दार, आत बारा महिने सारखाच गारवा.

माझ्या बायकोला, म्हणजे आग्नेसला, तेच भोक मिळणार होतं. दोघांना मिळून एकच. म्हणजे भांडणाला एवढं पुरे होतं, पण आमच्या गावात भांडण करायलाही अर्ज लागतो.

आणि मला मिळणार होता मायक्रोफोन. वाचणाऱ्याला हे फार किरकोळ वाटेल. त्याने एकदा माझ्यासारखं तीस वर्षं 'सूप' या नावाने हाक मारून घ्यावी आणि मग बोलावं.

ते आधी सांगून टाकतो. आमच्या देशात प्रत्येक पुरुष थोडाथोडा सैनिक असतो. दर वर्षी काही आठवडे गणवेश चढवायचा, मग परत आपलं दुकान उघडायचं. हुद्दा मात्र उतरत नाही. दाताचा डॉक्टर हा डोंगरी पायदळातला कॅप्टन असतो आणि दाढ उपटतानाही कॅप्टनच असतो. पाववाला बिनतारी संदेशवाला असतो. रेटो लढाऊ वैमानिक होता. मी शिधा सांभाळायचो. किती माणसं, सूपमध्ये किती जव, किती गाजरं, हिशेब चोख. सैन्य पोटावर चालतं असं सगळे म्हणतात, पण पोट कोण चालवतं ते कोणी विचारत नाही. मेल्खिओर हे माझं नाव फक्त आग्नेस आणि आयकर खातं वापरतं.

तर भोक. फार पूर्वी, युद्ध येणार म्हणून, आमच्या हिंटरमाटच्या डोंगरात सैन्याने गुहा खोदल्या आणि त्यांत विमानं लपवली. युद्ध काही आलं नाही. आमच्याकडे न बोलावता कोणी येत नाही. पुढे सैन्य गेलं, धावपट्टीवर गाई चरू लागल्या आणि गुहा गावाच्या नावावर झाल्या. सगळ्यात मोठ्या गुहेत आमच्या विमान मंडळाचं एक जुनं हंटर विमान उभं आहे. रेटो अध्यक्ष, मी खजिनदार. रेटोने तरुणपणी तेच विमान उडवलेलं. मग त्याने तीस वर्षं प्रवासी विमानातून लोकांना समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि भाजून परत आणलं. आता निवृत्त झाल्यावर तो दर शनिवारी गुहेत जाऊन हंटर पुसतो. बायको नाही, मूल नाही. हंटर गेलं तर त्याचा शनिवार गेला, आणि त्याच्या आठवड्यात दुसरा वार नाहीच.

आणि दूध संघाला चीज पिकवायला गुहा हवी होती. गारवा, ओल, अंधार. चीजला हवं ते सगळं तिथे फुकट. दूध संघाच्या पिकवण समितीची प्रमुख आग्नेस. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हात वर करून निकाल लागणार होता: गुहेत विमान की चीज.

"विमान खाता येतं का?" आग्नेस घरात विचारायची.

"चीज उडतं का?" मी म्हणायचो.

"तुझं विमान तरी कुठे उडतं? वर्षातून दोनदा. तेही हवा बघून. माझी चीजची चाकं रोज पिकतात."

यावर मी गुहेची किल्ली जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून जाकीट खुंटीला लावत असे. खजिनदार म्हणून एक किल्ली माझ्याकडे होती. हे वाक्य वाचकाने विसरू नये. मी विसरलो.

कल्पना निघाली पाववाल्याच्या दुकानाबाहेर. रेटो म्हणाला, "लोकांना हंटर म्हणजे गुहेतली अडगळ वाटते. त्यांना एकदा दाखवलं पाहिजे. सैन्याच्या नव्या विमानाशी लुटुपुटूची लढाई लावायची. जुनं विरुद्ध नवं. गोळी नाही, काही नाही, फक्त पाठीमागे यायचं आणि नेम धरायचा."

"आणि हंटर हरलं तर?" पाववाल्याने विचारलं.

रेटोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने रेटोच्या पिशवीत एक पाव जास्त टाकला.

झालं. त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय राहिला नाही. दाताचा डॉक्टर माझं तोंड उघडं ठेवून मला सांगायचा, "हंटरने उंची घ्यायचीच नाही, सूप. दरीत राहायचं. दरी आपली, त्यांना काय माहीत? हां, आता चूळ भर." पाववाल्याचं म्हणणं, नव्या विमानाची बिनतारी यंत्रणा गोंधळवायची, त्याच्या माळ्यावर एक जुना संच होता, परवानगी दिली तर. कोणी म्हणे नवं विमान इतकं वेगात येईल की हंटरला दिसायच्या आत शेजारच्या देशात पोचेल आणि तिथे त्याला पारपत्र विचारतील. माझं मत कोणी विचारलं नाही. शिध्यातल्या माणसाला लढाईचं काय कळतं? मी तरी सांगितलं, की वैमानिकांनी आधी पोटभर खाल्लेलं नसावं. हसले.

फक्त एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. लढाईचं समालोचन करायला माणूस हवा, आणि जो करेल त्याला स्वतःला लढाई बघायला मिळणार नाही, कारण त्याला कागद बघावा लागणार. म्हणून ते काम मला मिळालं. कारण काही का असेना, मायक्रोफोन तो मायक्रोफोन. मी त्या रात्री आरशासमोर 'सभ्य स्त्रीपुरुषहो' अशी सुरुवात करून पाहिली. आतून आग्नेस म्हणाली, "सूप उतू जातंय का?"

मग अर्ज. आमच्या गावचा चिटणीस फ्रिडोलिन हा अत्यंत सज्जन माणूस आहे. त्याने आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नाही. तो फक्त विचारतो, "कुठल्या नियमाखाली?" लुटुपुटूच्या लढाईसाठी नियम सापडेना. शेवटी त्याने अर्ज 'करमणूक, तंबूविरहित' या सदरात घातला आणि वरच्या कचेऱ्यांकडे पाठवला. उत्तरं एकेक करून येऊ लागली, आणि प्रत्येक उत्तरागणिक आमची लढाई बारीक होत गेली.

पहिल्या पत्राने कोलांट्या गेल्या. दुसऱ्या पत्राने एकमेकांच्या मागे लागणं गेलं. दोन विमानांत एक किलोमीटर अंतर हवं. तिसऱ्याने ते अंतर उभं हवं असं सांगितलं, म्हणजे एक खाली आणि एक वर. चौथं पत्र फारच मायाळू होतं. त्यात लिहिलं होतं की सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही विमानं एकाच वेळी हवेत नसलेली बरी.

"म्हणजे लढाई कशी होणार?" मी फ्रिडोलिनला विचारलं.

"आधी हंटर सरळ जाईल. मग ते उतरेल. मग नवं विमान सरळ जाईल."

"आणि लढाई?"

"ती तुमच्याकडे. तुमच्याकडे मायक्रोफोन आहे ना? मधल्या वेळात तुम्ही लोकांना कल्पना करायला लावा. कल्पनेला बंदी आहे असं कुठल्याही पत्रात आलेलं नाही, मी बघितलंय."

राहता राहिला आवाज. साडेअकरा ते बारा एवढा वेळ मिळाला. बाराला दुपारची शांतता सुरू होते. ती आमच्याकडे माणसाच्या जिवाइतकी जपतात. गवत कापायचं यंत्र तर सोडाच, बाराच्या ठोक्यानंतर जोरात शिंकलेला माणूसही खिडकीकडे बघून ओशाळतो.

या शांततेच्या राखणदार म्हणजे ओटिलियाबाई. आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर. मागे त्यांच्या कोंबड्या. इमारतीत कपडे धुण्याची खोली एक आणि बिऱ्हाडं सहा, म्हणून पाळ्या ठरलेल्या. आमची पाळी शनिवारची, सगळ्यात चांगली. ओटिलियाबाईंची मंगळवारची. गेली पंधरा वर्षं त्या आमच्या शनिवारकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने मांजरही दुधाकडे बघत नाही.

"अहो मेल्खिओर," त्या जिन्यात मला म्हणाल्या, "तुमची ती लढाई बुधवारी नाही का ठेवता येणार? बुधवारी मी बहिणीकडे असते."

"छापलं ना आता, बाई. शनिवारचं."

"मग मी येणार बघायला. मिनिटं मोजायलाच येणार म्हणा ना. माझ्या कोंबड्यांचं एक पीस हललं तर मी लिहीन."

त्या लिहितात. सुंदर लिहितात. फ्रिडोलिनकडे त्यांच्यासाठी वेगळा खण आहे.

शनिवार उजाडला, म्हणजे पंचांगात उजाडला. बाहेर धुकं. आमच्या दरीत धुकं येतं तेव्हा ते पातेल्यावर झाकण बसावं तसं बसतं. जमिनीलगत सगळं स्वच्छ. गाई दिसतात, माणसं दिसतात, ओटिलियाबाईंची टोपी दिसते. पण चर्चचा कळस निम्म्यावर संपलेला. त्याच्यावर नुसतं पांढरं.

सगळा गाव मैदानात आलेला. सॉसेज भाजली जात होती, जवाचं सूप (मी केलेलं) मोठ्या हंड्यात होतं. दूध संघाचा चीजचा गाळाही होता, फक्त त्याच्यामागे आग्नेस नव्हती. पाटी होती: 'लगेच येते'. मला वाटलं, रुसली असेल.

नव्या विमानाच्या तळावरून निरोप आला की धुक्यामुळे येणं जमत नाही, हवा उघडली तर कळवू. गुहेच्या तोंडाशी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, रेटो हंटर बाहेर काढून आत बसलेला. तिकडे चढ, म्हणून धुकं जमिनीला टेकलेलं; मैदानातून विमान दिसत नव्हतं. मी त्याला फोन केला.

"रेटो, काय करायचं?"

"मी इंजिन गरम ठेवतो. हवा उघडली की सुटतो."

"आणि नाही उघडली तर?"

फोनमध्ये काच पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सूप, पुढच्या शनिवारी ग्रामसभा आहे."

मी फ्रिडोलिनकडे गेलो. म्हटलं, थोडं पुढे ढकलू या. त्याने छापलेला कार्यक्रम माझ्यापुढे धरला. "इथे काय लिहिलंय? साडेअकरा: लढाई. विमानं असं कुठे लिहिलंय? लढाई लिहिलंय. लढाई तर तुमच्याकडेच आहे." त्याने घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं आहेत तुम्हाला."

आमच्या गावात छापलेली वेळ चुकवून चालत नाही. गाडी चुकली, लग्न मोडलं, माणूस वारला तरी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होतो. चर्चचा ठोका पडला. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी मायक्रोफोन हातात घेतला.

खरं सांगतो, मी म्हणणार होतो की क्षमा असावी. 'सभ्य स्त्रीपुरुषहो' एवढं म्हटलंही. आणि तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून हंटरचं इंजिन घुमलं. तो आवाज डोंगराच्या एका भिंतीवर आदळला, दुसरीवर गेला, परत आला. चारी बाजूंनी विमानंच विमानं. सगळ्यांनी माना वर केल्या. पांढऱ्याशुभ्र काहीच नाहीकडे सगळा गाव डोळे फाडून बघू लागला.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," मी म्हणालो, "हंटरने जमीन सोडली आहे."

आणि टाळ्या पडल्या. मला. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतरचं माझ्या हातात राहिलं नाही. मी म्हणालो, हंटर वर जातंय, तर इंजिन खरंच जोरात गर्जलं. रेटोला भोंगा ऐकू येत होता. मी म्हणालो, आता तो दबा धरून बसलाय, तर आवाज खाली आला. मी म्हणायचो आणि तो करायचा. शिध्यातल्या माणसाचं वैमानिकाने ऐकण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

"आणि हे बघा, पूर्वेकडून नवं विमान! काय वेग! पण सभ्य स्त्रीपुरुषहो, नव्या वैमानिकासमोर सात पडदे आहेत आणि सातही पडदे त्याला वेगवेगळं सांगताहेत. आमच्या रेटोसमोर एकच काच आहे आणि ती त्याने स्वतः पुसलेली आहे! हंटर वळलं! हंड्यात पळी फिरवावी तसं वळलं! नवं विमान मागे लागलं... अरे, अरे, हंटर धुक्यात शिरलं... हे चालले चर्चच्या कळसाला वळसा घालून... ओटिलियाबाईंच्या धुराड्यावरून..."

"बघितलं मी!" दाताचा डॉक्टर ओरडला. "चाकं बघितली!"

"चाकं आत असतात," पाववाला म्हणाला. "पण पंखावरचा आकडा मी वाचला."

बायका मुलांना पोटाशी धरत होत्या. म्हातारे 'खाली घे, रेटो, खाली घे!' असं धुक्याला सांगत होते. हंटरने मग नव्या विमानाला दरीच्या अरुंद टोकाला नेलं, तिथे एकदम वेग टाकला, नवं विमान वेड्यासारखं पुढे निघून गेलं, आणि हंटर त्याच्या बरोबर पाठीशी आलं. नेम धरला. जिंकलं. टोप्या उडाल्या. जवळच कोणीतरी रडत होतं. बघितलं तर मीच.

मी विमान उतरवलं तेव्हा बाराला मिनिटभर कमी होतं. ठोके पडले. आणि शेवटच्या ठोक्याबरोबर धुकं उघडलं.

असं निळं आभाळ मी क्वचित पाहिलंय. डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे. मैदानाच्या टोकाला, गुहेसमोर, हंटर चकाकत उभं. माझा फोन वाजला, तळावरून. नवं विमान तयार आहे, पाच मिनिटांत येतं, पाठवू का?

मी घड्याळ बघितलं. "बारा वाजून गेले हो," मी म्हणालो.

"अच्छा, अच्छा. मग राहू दे," ते म्हणाले. तेही आमच्याच देशातले.

तिकडे रेटोनेही इंजिन बंद केलं. वर्षाची सगळ्यात चांगली हवा, टाकी भरलेली, माणूस आत बसलेला. पण ना त्याच्या मनात आलं, ना माझ्या, ना गावात कोणाच्या, की उडावं. दुपारची शांतता होती. लोक हळू आवाजात म्हणाले, "बघा, ठोक्याला परत आलं. याला म्हणतात वैमानिक." आणि सूप घ्यायला रांगेत उभे राहिले. मी तिथेच पळी घेऊन उभा राहिलो, पण त्या दिवशी वाढतानाही लोक मला मेल्खिओर म्हणत होते.

रेटो संध्याकाळी भेटला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "माझी आजवरची सगळ्यात चांगली लढाई," तो म्हणाला. "तो दरीच्या टोकाचा डाव कुठून सुचला तुला?"

"रांगेत," मी म्हणालो. "घाईने ढकलणाऱ्याला पुढे जाऊ दिलं की तो नेहमी रिकाम्या हंड्याशी पोचतो."

सोमवारी पहिली तक्रार आली. मग आणखी आल्या. एका गाईचं दूध आटलं होतं. दाताच्या डॉक्टरच्या खिडकीला तडा गेला होता. ओटिलियाबाईंच्या कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलं होतं, आणि बाईंनी लिहिलं होतं की विमान त्यांच्या धुराड्यावरून इतक्या खालून गेलं की वैमानिकाने दाढी केलेली नव्हती हे त्यांनी स्वतः पाहिलं. सगळ्यांच्या खाली सह्या.

फ्रिडोलिन कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. "परवानगीत सरळ जाणं होतं. कळसाला वळसा नव्हता. धुराडं नव्हतं. एवढ्या सह्या आहेत. विमानाची परवानगी जाणार, आणि परवानगी नसलेलं विमान गुहेत ठेवता येत नाही. ग्रामसभेत मी विचारीन, तुम्ही उत्तर द्या."

आता वाचकाने माझी अवस्था बघावी. उडालं म्हणावं, तर हंटर गुन्हेगार, गुहा गेली. उडालं नाही म्हणावं, तर तिकीट काढून आलेल्या सगळ्या गावाला मी धुकं विकलं. मग हात कोण वर करणार? तरीही गुहा गेली. रेटोला म्हटलं, खरं सांगून टाकू. तो म्हणाला, "सांग." पण त्याच आठवड्यात लोक रस्त्यात त्याचा हात हातात घेत होते, आणि तो सोडवून घेत नव्हता. 'सांग' म्हणताना तो आपल्या तळहाताकडे बघत होता.

घरात आणखी एक भानगड. तळघरात रॉकेलसारखा वास येऊ लागला. ओटिलियाबाई दारात आल्या: "अहो, तुम्ही खाली विमान आणून ठेवलंय का?"

"त्याच्या जाकिटाचा वास आहे," आग्नेस घाईघाईने म्हणाली, आणि माझं जाकीट दोनदा धुतलं. तेही शनिवार नसताना, हातांनी. एवढी काळजी तिने लग्नाच्या वर्षीही केली नव्हती. मी भारावलो. मूर्ख असण्याचं हे एक सुख आहे.

ग्रामसभेला सभागृह गच्च भरलं. फ्रिडोलिनने तक्रारी वाचल्या. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "खजिनदारांनी सांगावं. विमानाने परवानगी मोडली का?"

मी उठलो. समोर रेटो. हात मांडीवर, पाठ ताठ, गुळगुळीत दाढी केलेली. मी त्याच्याकडे बघितलं आणि ठरवलं की खरं सांगायचं, आणि नंतर उरलेलं आयुष्य 'सूप' ऐकायचं. तोंड उघडलं.

"बस खाली, मेल्खिओर," आग्नेस मागून म्हणाली. तिच्या हातात टोपली होती. "त्याआधी माझं ऐका. दूध संघ मोठ्या गुहेचा अर्ज मागे घेतोय. का, ते तोंडात घातलं की कळेल."

टोपलीतून चीजच्या फोडी फिरल्या. दूध संघाचं चीज, फुकट, सगळ्यांनी घेतलं. चावलं. सगळे जबडे एकदम थांबले. आमच्याकडे घेतलेला घास टाकणं असभ्य समजतात, म्हणून सगळ्यांनी गिळलं. पाववाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच तो वास!" ओटिलियाबाई किंचाळल्या. "आमच्या तळघरातला!"

"ही तीन चाकं मी लढाईच्या दिवशी गुहेत ठेवून बघितली," आग्नेस शांतपणे म्हणाली. "सगळे मैदानात होते. किल्ली आमच्या घरी खुंटीला असते. आधी एकदा पिकवून बघावं म्हटलं, मग मागावं. आतल्या कोठडीत होते मी, आणि बाहेर याचं इंजिन सुरू झालं. अर्धा तास दार धरून बसले होते. सगळा धूर आत. त्या दगडाने आजवर इतकं तेल प्यायलंय की तिथे आता फक्त विमानच पिकेल."

"म्हणजे," फ्रिडोलिन सावकाश म्हणाला, "विमान अर्धा तास गुहेसमोर होतं?"

"जागचं हललं नाही. वीतभरसुद्धा."

शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी वाट बघत राहिलो, की आता कोण म्हणतं, 'आम्हाला फसवलं.' कोणी म्हणेना. मग माझ्या लक्षात आलं. फसवलं म्हणायचं तर आधी 'मी बघितलं' हे मागे घ्यायला हवं, आणि सही केलेला कागद आमच्या गावात कोणी मागे घेत नाही. दाताचा डॉक्टर छताकडे बघत होता. आकडा वाचणारा पाववाला अजून गिळत होता.

"आता हंटर गुहेत राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी..." फ्रिडोलिनचं वाक्य पुरं व्हायच्या आत हातांचं रान उगवलं. रेटोने दोन्ही हात वर केले. एकच मोजला.

"आणि त्याच दमात," आग्नेस म्हणाली, "मागच्या बाजूचं ते दारूगोळ्याचं कोठार. छोटं आहे, पण गार आणि ओलं. तिथे कधी इंजिन लागलं नाही. ते दूध संघाला." कोणाची नाही म्हणायची छाती होती? हात खाली यायच्या आत तेही मंजूर झालं. मला पुढे कळलं की ओल मोजायचं यंत्र तिने आधी तिथेच नेलं होतं.

"सगळ्यांचं भलं झालं," ओटिलियाबाई उठल्या. "पण माझ्या कोंबड्या? विमान नव्हतं, तर त्या बिथरल्या कशाने?"

फ्रिडोलिनने नियम उघडले. बराच वेळ वाचले. मग माझ्याकडे अत्यंत सौजन्याने बघितलं. "आवाजाचं मूळ," तो म्हणाला, "भोंगा. भोंग्यात बोलणारा, खजिनदार."

तर जमाखर्च असा. रेटोला त्याचं भोक मिळालं, आणि शनिवारही. आग्नेसला दुसरं भोक मिळालं, पहिल्यापेक्षा चांगलं. गाईला परत दूध आलं. तडा गेलेली खिडकी डॉक्टरने गुपचूप स्वतः बदलली. ओटिलियाबाईंना, कोंबड्यांच्या मनस्तापापोटी, आमची शनिवारची कपडे धुण्याची पाळी मिळाली. आमची आता मंगळवारची. मायक्रोफोन गावाच्या कपाटात कुलपात आहे, आणि मी परत सूप आहे.

राहिली तीन चाकं. आग्नेस म्हणते, अन्न टाकायचं नाही. रेटोने सुचवलं की वितळवून खा, वास कमी येतो. पण चुलीजवळ मला ते न्यायला भीती वाटते, आणि रेटो स्वतः खात नाही. पहिलं चाक संपलं, दुसरं निम्मं झालंय. त्या दिवशी हंटरचं जेवढं इंधन जळालं त्याचे पैसे मंडळाने दिले. जे जळायचं राहिलं ते मी रोज सकाळी पावाला लावून खातोय.